जीवाश्म वनस्पती ओळखताना या चुका टाळा

सोलापुरात घरोघरी शहाबादी फरशी. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "सर, फरशीत नेच्याचं पान उमटलंय!" पान नसतं ते. दगडाच्या फटीत मँगनीजची ऑक्साइडं साचून झालेली काळी नक्षी असते, तिला डेंड्राइट म्हणतात. भिंग लावा. फाटे फुटत जातात, पण मधली शीर नाही, पानाची कड नाही. शिवाय जमिनीवर झाडं आली सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी आणि शहाबादचा चुनखडक त्याहून जुना. नेचा येणार कुठून?

यापेक्षा महागात पडणारी चूक म्हणजे हातातल्या तुकड्यावरून अख्खं झाड ठरवणं. खोड, पान, बी सुटं सुटं सापडतं, म्हणून नावंही सुटी पडतात. १८७१ मध्ये नेच्यासारख्या पर्णसंभाराला आर्किऑप्टेरिस नाव मिळालं. १९११ मध्ये सूचिपर्णी वृक्षासारख्या लाकडाला कॅलिझायलॉन. दोन्हींचा संबंध असेल असं कुणाच्या मनातही येईना, कारण बाहेरचं रूप एक सांगत होतं आणि आतली रचना दुसरंच. १९६० मध्ये जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक चार्ल्स बेक यांना दोन्ही भाग जोडलेला नमुना मिळाला. झाड एकच निघालं, बियांऐवजी बीजाणूंपासून वाढणारं! झाडाला जुनं नाव, आर्किऑप्टेरिस, राहिलं. तोवरची वेगळी नावं मात्र चूक नव्हती. जोड दिसेपर्यंत तसंच करायचं असतं.

लाकडाचा एकच काप पाहून थांबू नका. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात ताडवर्गाचं लाकूड मिळतं. आडव्या कापात विखुरलेले ठिपके दिसले की तो वर्ग कळतो. पण द्विदल झाड असेल तर किरणांची (लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची) रुंदी-उंची उभ्या कापांतच कळते. म्हणजे एकूण तीन काप हवेत: आडवा, अरीय (गाभ्यातून जाणारा उभा) आणि स्पर्शरेषीय (सालीला समांतर उभा). काप काळाकुट्ट दिसतोय? जाड राहिलाय. काचेवर बारीक कार्बोरंडम (घासायची कठीण पूड) घेऊन घासा आणि दर थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली धरा. जरा जास्त घासलं की पेशीभित्तीच नाहीशा होतात.

आणि करवत लावण्याआधी फोटो, मोजमाप, जागेची नोंद. मी एकदा विसरलो. सालीवरची पानांच्या देठांची खूण भुकटीत गेली.

नवीन नाव द्यायचंच असेल तर वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत लागतं, सोबत चित्र आणि मूळ नमुना कोणत्या संस्थेत ठेवलाय तेही. घरच्या शोकेसमधला नमुना चालत नाही.