प्रिपोझिशनचं ऑब्जेक्ट शोधताना या चुका टाळा

दहावीच्या मुलांना मी इंग्रजी व्याकरण शिकवते. दरवर्षी एक वाक्य फळ्यावर लिहिते: 'द की टू द कबर्ड इन द किचन इज अंडर द मॅट.' यातल्या प्रत्येक प्रिपोझिशनल फ्रेजला, म्हणजे 'इन', 'अंडर' असं प्रिपोझिशन आणि त्याचं नाम (ऑब्जेक्ट) यांच्या जोडीला, कंस घाला, एवढंच सांगते. यंदा एका मुलीनं वहीत पेन्सिलीनं तीन कंस घातले. पहिला 'द की टू', दुसरा 'द कबर्ड इन', तिसरा 'इज अंडर'.

कंस चुकले, पण ते अंदाजे घातलेले नव्हते. मराठीत जोडणारा शब्द किंवा प्रत्यय नामाच्या मागून येतो. किल्लीला, कपाटात, चटईखाली. तिनं हीच सवय इंग्रजीला लावली आणि 'टू' हा 'की'ला, 'इन' हा 'कबर्ड'ला चिकटवला. प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, असं आपण पाठ करून घेतो आणि जागेचा फरक सांगायचा राहतो. प्रिपोझिशन या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच 'आधी ठेवलेला' असा आहे. म्हणून प्रिपोझिशनवर बोट ठेवायचं, डावीकडे बघायचंच नाही, उजवीकडे सरकायचं आणि विचारायचं: कशात? कशाखाली? कोणासाठी? उत्तरात जे नाम येईल ते ऑब्जेक्ट, आणि फ्रेज साधारणपणे तिथेच संपते.

आता वाक्य पुन्हा बघा. 'टू द कबर्ड', 'इन द किचन', 'अंडर द मॅट'. ऑब्जेक्ट तीन: कबर्ड, किचन, मॅट. हेच मराठीत म्हणताना आपण म्हणतो, 'स्वयंपाकघरातल्या कपाटाची किल्ली पायपुसण्याखाली आहे.' इंग्रजीत किल्ली आधी आणि स्वयंपाकघर नंतर, आपल्याकडे नेमकं उलट. शिवाय तिन्हींपैकी फक्त 'अंडर'चं शब्दयोगी अव्यय झालं, 'खाली'. 'टू'चं झालं 'ची' आणि 'इन'चं झालं 'तल्या'. त्यामुळे आधी भाषांतर करायचं आणि त्यात शब्दयोगी अव्यय शोधायचं, ही युक्ती सोडून द्या. ती निम्म्या वेळा फसते.

उजवीकडे सरकायला लागल्यावर मुलं पुढची चूक करतात ती घाईची. 'इन द ओल्ड वूडन बॉक्स'मध्ये 'ओल्ड'पाशीच थांबतात. कशात? 'जुन्या' हे उत्तर अर्धवट आहे, नामापर्यंत जायलाच हवं. आणि 'विथ हर ब्रदर अँड हिज फ्रेंड्स'मध्ये ऑब्जेक्ट दोन आहेत, पहिलं सापडलं म्हणून थांबू नका.

मराठी मुलांना इथे एक मोठा आधार आहे आणि तो क्वचितच वापरला जातो. शब्दयोगी लागताना आपलं नाम रूप बदलतं: घोडा, पण घोड्यावर, झाड, पण झाडाखाली. हे सामान्यरूप आपल्या जिभेवर असतं, कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत नाम बदलत नाही, पण सर्वनाम बदलतं. 'ही'चं 'हिम' होतं, 'शी'चं 'हर', 'दे'चं 'देम'. म्हणून 'बिट्वीन ही अँड शी' चूक, 'बिट्वीन हिम अँड हर' बरोबर. 'तोसाठी' कानाला जितकं खटकतं, तितकंच 'फॉर ही' खटकलं पाहिजे.

'टू' दिसला की कंस घालायचा, ही सवयही मोडा. 'शी वेंट टू द मार्केट टू बाय ओनियन्स.' पहिला 'टू' प्रिपोझिशन आहे, त्याचं ऑब्जेक्ट मार्केट. दुसऱ्याच्या पुढे 'बाय' हे मूळ क्रियापद आहे, म्हणजे तो इन्फिनिटिव्ह. त्याला कंस नाही. उलट 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'मधला 'टू' मात्र प्रिपोझिशनच आहे आणि 'मीटिंग यू' हे सगळं मिळून त्याचं ऑब्जेक्ट. अर्जाच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहिणं चूक का, ते यावरून कळेल.

'आफ्टर'चंही असंच. 'आफ्टर द रेन' ही फ्रेज. 'आफ्टर द रेन स्टॉप्ड'मध्ये मात्र पुढे कर्ता आणि क्रियापद दोन्ही आले, म्हणून तिथे 'आफ्टर' उभयान्वयी अव्यय. 'कम इन'मधल्या 'इन'पुढे काहीच नाही, ते क्रियाविशेषण.

थोडं अवघड जातं ते 'अप', 'ऑफ', 'आउट' यांचं. 'ही रॅन अप द हिल' आणि 'ही रॅन अप अ बिग बिल' ही दोन वाक्यं दिसायला जुळी आहेत. पहिल्यात तो टेकडीवर धावत गेला. दुसऱ्यात त्यानं मोठं बिल करून ठेवलं. तिथे 'अप' क्रियापदाचाच भाग आहे आणि बिल हे क्रियापदाचं ऑब्जेक्ट. शंका आली तर नामाच्या जागी 'इट' घाला. बिलासाठी 'रॅन इट अप' होतं, टेकडीसाठी 'रॅन अप इट'. 'इट' मध्ये घुसला, तर ती प्रिपोझिशनल फ्रेज नाही.

परीक्षेत मार्क जातात ते कर्त्यापाशी. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह इन पुणे' असं मुलं सर्रास लिहितात, कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी 'फ्रेंड्स' बसलेलं असतं. पण ते 'ऑफ'चं ऑब्जेक्ट आहे, आणि प्रिपोझिशनचं ऑब्जेक्ट वाक्याचा कर्ता होत नाही. 'ऑफ माय फ्रेंड्स' बोटानं झाका. उरतं 'वन', म्हणून 'लिव्ह्ज'. फक्त 'हाफ', 'सम', 'मोस्ट' असे शब्द आले की झाकलेलं उघडून बघावं लागतं: 'हाफ ऑफ द मँगोज आर रॉटन', पण 'हाफ ऑफ द मिल्क इज सावर'.

ऑब्जेक्ट उजवीकडे सापडलंच नाही तर? 'व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?' इथे 'अ‍ॅट'चं ऑब्जेक्ट 'व्हॉट' आहे, प्रश्नामुळे ते वाक्याच्या सुरुवातीला गेलंय आणि 'अ‍ॅट' शेवटी एकटं उरलंय. असं वाक्य अशुद्ध आहे हा समज जुना. कवी जॉन ड्रायडननं 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणातल्या अशा शेवटी आलेल्या प्रिपोझिशनला दोष दिला होता. इंग्रजी बोलणारे मात्र तेव्हाही असंच बोलत होते आणि आजही बोलतात. मुलांच्या वहीत मी त्यावर लाल रेघ मारत नाही.

कंस बरोबर पडल्यावरही एक काम उरतं. 'द पोलीस चेज्ड द थीफ ऑन अ मोटरसायकल.' फ्रेज 'ऑन अ मोटरसायकल', ऑब्जेक्ट मोटरसायकल, वाद नाही. पण मोटरसायकलवर कोण होतं? इंग्रजी वाक्य सांगत नाही. मराठीत आपल्याला ठरवावंच लागतं: 'पोलिसांनी मोटरसायकलवरून चोराचा पाठलाग केला' किंवा 'पोलिसांनी मोटरसायकलवरच्या चोराचा पाठलाग केला'. 'वरून' क्रियापदाकडे जातो, 'वरच्या' चोराकडे. म्हणून अशी वाक्यं आली की मी मुलांना दोन्ही मराठी वाक्यं वहीत लिहायला लावते आणि मग विचारते, यातलं पहिलंच म्हणायचं असेल तर इंग्रजीत ती फ्रेज उचलून कुठे ठेवाल?