पुराच्या पाण्यापलीकडची बॅकअपची प्रत

२०१९ आणि २०२१ साली कोल्हापुरात पंचगंगेचा पूर पाहिल्यावर घरातल्या घरात ठेवलेली प्रत मला पुरेशी वाटेना. सगळे लॅपटॉप रात्री रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने माळ्यावरच्या जुन्या पीसीवर बॅकअप घेतात. नुसतं आरसिंक (फाइली जशाच्या तशा दुसरीकडे उतरवणारं साधन) नको. फाइल बिघडली की बिघडलेलीच प्रत पुढे जाते. रेस्टिक जुने स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या फाइलींची स्थिती, राखतं.

दुसरी प्रत पुण्यात ताईकडे. अडलं ते तिथेच: तिच्या कनेक्शनला पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा (राउटरमधून बाहेरच्याला आत वाट देण्याचा) उपयोग शून्य. दोन्हीकडे टेलस्केल (दूरच्या मशीन खाजगी जाळ्यात जोडणारा प्रोग्राम) टाकलं आणि प्रश्न सुटला. पहिली भरणी मात्र इंटरनेटवरून करू नका; मी डिस्क इथेच भरून एसटीने नेली. आता फक्त बदललेला भाग जातो. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला, म्हणून तो कागदावर लिहून दोन्ही घरी ठेवलाय. अधूनमधून आईच्या फोटोंचं एखादं फोल्डर पुण्याहून परत उतरवून उघडून बघतो.