बँकेची होलोग्राम मीटिंग : या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या बँक शाखांमध्ये मी मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचे हेडसेट (खऱ्या खोलीतच संगणकाचं चित्र दाखवणारी, डोळ्यांवर चढवायची यंत्रं) बसवून देतो. कर्ज बघणारे साहेब पुण्यात, कर्जदार चोपड्यात, आणि दोघांच्या मधे टेबलावर प्रकल्पाचं त्रिमित चित्र. काम छान आहे. पण मला येणारे बहुतेक फोन त्याच दोन-तीन चुकांचे असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती अशी : एकाच्या मापाला लावलेला हेडसेट तसाच दुसऱ्याच्या डोक्यावर चढवणं. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये भिंगांना ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत, क्वेस्ट ३ ला खाली भिंगं सरकवायचं चाक आहे. फिरवायला अर्धं मिनिट लागतं. तेवढंही कुणाला नको असतं.

मे महिन्यात चोपडा तालुक्यातले एक आबा केळी पिकवायच्या चेंबरसाठी कर्ज मागायला आले होते. शाखेतल्या नव्या पोराने स्वतः घालून बघितलेला हेडसेट तसाच त्यांना घातला, वर ‘अडकतोय’ म्हणून त्यांचा चष्माही काढून घेतला. मी बाहेर राउटरशी झटत होतो. पुण्याचे साहेब चेंबर फिरवून दाखवत होते, बाजूला हवेत हप्त्याचा आकडा होता, आबा ‘हो, हो’ म्हणत होते. हप्ता ३८,४०० चा. आबांनी वाचला ३३,४००. घरी सुनेने मंजुरीपत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा शाखेच्या दारात : बँकेने फसवलं. कुणाचंच ऐकेनात. शेवटी तोच हेडसेट, त्याच मापावर, मी त्यांना पुन्हा घातला.

“माले ते दोन-दोन दिसी ऱ्हायनं, भाऊ.”

चाक फिरवलं, चष्मा परत दिला, तेव्हा आकडा एक झाला. त्या दिवशीच का नाही सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाले, साहेब बोलत होते, मधे कसं बोलायचं?

तेव्हापासून मी ‘दिसतंय का?’ असं विचारतच नाही. वडीलधारी माणसं साहेबांपुढे नाही म्हणत नाहीत. एक पाच आकडी संख्या दाखवतो आणि मोठ्याने वाचून घेतो. चुकली की चाक. चष्म्याचं म्हणाल तर हेडसेटमधलं चित्र डोळ्यांना मीटर-दोन मीटर लांब असल्यासारखं भासतं. त्यामुळे नुसता वाचायचा चष्मा बहुतेकदा काढला तरी चालतो, लांबचा असेल तर तो ठेवूनच हेडसेट घाला. आणि हप्ता, व्याज, मुदत हे आधी छापून कर्जदाराच्या हातात द्या. चेंबर हवेत दाखवा, पैसे कागदावर.

दुसरी चूक ओळख पटवण्यातली. २०२२ मध्ये बँकांनी आभासी दालनं काढली, युनियन बँकेचं युनि-व्हर्स त्याच वर्षीचं, आणि तेव्हापासून लोकांना अवताराची, म्हणजे संगणकाने काढलेल्या आपल्या प्रतिमेची, सवय लागली. पण अवतार म्हणजे ओळख नव्हे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून केवायसीला परवानगी दिली. त्यात बँकेचाच अधिकारी हवा, ग्राहक त्या क्षणी जिवंत समोर आहे याची खात्री हवी, तो भारतातच आहे हे ठिकाणावरून दिसायला हवं. डोळे झाकलेल्या माणसाची केवायसी ‘चला, यातच उरकू’ म्हणणारे मला भेटलेत. मी हेडसेट पिशवीतून काढतच नाही. आधी साध्या व्हिडिओवर केवायसी पूर्ण होऊ द्या. उलट बाजूनेही तेच. समोरच्या साहेबांचा चेहरा कॉम्प्युटरने रंगवलेला असू शकतो. कर्जदाराने स्वतः शाखेच्या नंबरवर फोन लावून साहेबांचं नाव विचारावं. यात कुणाचा अपमान होत नाही.

बाकीच्या चुका लहान, पण रोजच्या.

जळगावच्या मे महिन्यात हेडसेट बंद गाडीत ठेवू नका. भिंगं उन्हाकडे तोंड करून तर कधीच नाही. भिंगातून ऊन एकवटतं आणि आतला पडदा कायमचा जळतो.

चकचकीत फरशी, आरसा, काचेची भिंत असली की कॅमेऱ्यांना जागेचा अंदाज येत नाही आणि चित्र टेबलावरून सरकायला लागतं. मी सतरंजी सोबत नेतो. उपाय अगदी साधा आहे, पण लागू पडतो.

मायक्रोसॉफ्टचा जुना हेडसेट होलोलेन्स २ स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबल्याचं कंपनीने सांगितलं.

नवख्या माणसाला दहा मिनिटांच्या वर सलग बसवू नका. गरगरतं, मळमळतं, आणि तेही कुणी बोलून दाखवत नाही.

हेडसेटमधलं चित्र हॉलमधल्या टीव्हीवर टाकून ठेवू नका. एका शेतकऱ्याचं जुनं थकीत कर्ज पासबुकाच्या रांगेत उभ्या अर्ध्या गावाने वाचलेलं मी पाहिलंय. तो माणूस मान वर न करता मागच्या दाराने गेला. आता मी आधी टीव्हीची पिन काढतो, मगच पुण्याला फोन लावतो.