बेळगावातून सायकलसाठी लांब, एकसारखा चढ कसा शोधायचा

बेळगावच्या सायकलवाल्यांची एक गंमत आहे, आपण आधीच माथ्यावर राहतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आणि सह्याद्रीचा कडा पश्चिमेला, त्यामुळे पुण्यातला माणूस सिंहगड चढतो आणि घरी येताना उतार एन्जॉय करत येतो, तर आपल्याकडे नेमकं उलटं, घाट आधी उतरायचा, पाय गार पडले की मग तोच घाट चढायचा आणि वर आल्यावर परत चाळीस-पन्नास किलोमीटर घर गाठायचं. हिल ट्रेनिंगचा चढ शोधताना हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण पाणी, खाणं, वेळ, ब्रेक सगळं यावरच ठरतं.

आधी ठरवा, चढ हवा कसला

बरेच जण "जबरदस्त चढ" शोधतात, म्हणजे जिथं सायकल मागं सरकेल असा. तो हौसेला ठीक आहे, ट्रेनिंगला नाही. ट्रेनिंगसाठी वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत न थांबता एकाच जोरात पेडल मारता येईल असा चढ लागतो, आणि तो ४ ते ७ टक्क्यांचा असला तर बेस्ट. ५ टक्के म्हणजे १०० मीटर पुढं गेलात की ५ मीटर वर.

का ते हिशोबानं बघा. रायडर आणि सायकल मिळून ८० किलो धरा. ५ टक्के चढावर ताशी १२ किमीनं जायला साधारण १५० वॅट लागतात. समोर ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) आणि मागं ३२ चा कॉग (मागच्या चाकावरचं दातेरी चाक) असेल तर या स्पीडला कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ९० च्या आसपास पडतो, मस्त गोल पाय फिरतात. आता तेच १५० वॅट घेऊन १० टक्क्यांच्या चढावर जा, स्पीड साडेसहावर येतो आणि त्याच गिअरमध्ये कॅडन्स पन्नासच्याही खाली. म्हणजे दम आहे तेवढाच, पण आता गुडघे ओढतायत, हँडल डुलतंय आणि बॅलन्स सांभाळण्यातच निम्मं लक्ष जातंय. म्हणून किती उंच यापेक्षा किती एकसारखा हे आधी बघायचं.

बस जिथं जाते तिथं बघा

एकसारखा चढ ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे त्या रस्त्यानं भरलेली एसटी आणि लोड घेतलेला ट्रक जातो का. जड गाड्यांसाठी आखलेल्या घाटात इंजिनिअरनं तुमचं काम आधीच करून ठेवलेलं असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात डोंगराळ भागातल्या रस्त्याला नेहमीचा चढ ५ टक्के, मर्यादा ६ आणि अगदीच नाइलाज असेल तिथं ७ टक्के सांगितलाय. जुने घाट सगळीकडे या नियमात बसतात असं नाही, पण गावदेवीच्या डोंगरावर कुणीतरी जेसीबी लावून काढलेला रस्ता आणि मुख्य घाटरस्ता यातला फरक मांड्यांना लगेच कळतो. गडावर, देवळावर जाणारे रस्ते आखूड आणि खडे असतात. येळ्ळूरगड म्हणजे राजहंसगडाचा चढ तसलाच. देवरवाडीहून वैजनाथ आणि पुढं महिपालगडाकडे जाणारा रस्ता पण चांगलाच दम काढतो. आठवड्यात मधल्या दिवशी ऑफिसच्या आधी आखूड, जोरदार इंटरव्हल (मध्ये आराम घेत मारलेले जोराचे सेट) मारायला हे छानच, पण तासभर एका लयीत राहायची प्रॅक्टिस तिथं होत नाही.

नकाशावर बघायचं काय

स्ट्राव्हा किंवा राइड विथ जीपीएस ही सायकलिंगची ॲप्स उघडा, घाटाचा रूट ओढा आणि प्रोफाइल, म्हणजे चढ-उताराचा ग्राफ, बघा. इथं दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं म्हणजे अ‍ॅव्हरेज. समजा एखादा ८ किमीचा चढ ४ टक्के अ‍ॅव्हरेज दाखवतोय, म्हणजे एकूण ३२० मीटर उंची. वाटतं सोपा आहे. पण मध्येच दीड किलोमीटर ३ टक्क्यांचा उतार असेल तर ४५ मीटर उंची घालवलीत, ती परत कमवायची, मग उरलेल्या साडेसहा किलोमीटरमध्ये ३६५ मीटर चढायचे, म्हणजे जवळजवळ साडेपाच टक्के झाले. वर त्या उतारावर पायांना फुकटची सुट्टी, सलग वीस मिनिटांचा सेट गेलाच. म्हणून अ‍ॅव्हरेज सोडा, एकेक किलोमीटर वेगळा काढून बघा. माझा नियम असा, लागोपाठच्या दोन किलोमीटरमध्ये २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको आणि मध्ये उतार नको.

दुसरं म्हणजे खोटे काटे. ॲपमध्ये घाटाच्या मध्येच अचानक १८ टक्के, २० टक्के असले सुळके दिसतात आणि माणूस घाबरून रूट बदलतो. बहुतेक वेळा तिथं तसं काही नसतं. या ॲप्समधली उंची बऱ्याचदा उपग्रहाच्या डेटावरून येते, तो डेटा तीस मीटर किंवा त्याहून मोठ्या चौकोनांचा असतो, आणि घाटातला रस्ता एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी असा कोरलेला, त्यामुळे एक बिंदू कड्यावर पडतो, पुढचा दरीत, आणि ग्राफला दात येतात. हेअरपिनपाशी (रस्ता जवळजवळ उलटा फिरतो त्या वळणापाशी) हे जास्त होतं. अशा वेळी सुळका विसरा, त्याच्या आधीची आणि नंतरची उंची घेऊन मधल्या किलोमीटरचा हिशोब करा.

कागदावर बघायची आवड असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा अजूनही भारी आहे. त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीच्या दर २० मीटरला असतात. रस्ता एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर जाईपर्यंत नकाशावर किती लांबी घेतो ते दोऱ्यानं मोजा. ८ मिलिमीटर भरलं म्हणजे जमिनीवर ४०० मीटर, त्यात २० मीटर उंची, झाले ५ टक्के. ४ मिलिमीटरच भरलं तर १० टक्के. प्रत्येक वेळी ७-८-९ मिलिमीटर असं भरत गेलं तर समजा हाच तो चढ.

आपल्या भागातले खरे उमेदवार

चोर्ला घाट आपला हक्काचा. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला, तिथून खाली गोव्यात सत्तरीतलं केरी. बेळगावातून घाटमाथा पन्नासेक किलोमीटर, आणि जांबोटीपासून पुढचा रस्ता वर-खाली वर-खाली असा असतो त्यामुळे माथ्यावर पोचेपर्यंत पाय अर्धे वापरलेले असतात, हे धरूनच चला. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, देवळाजवळ थांबून पाणी भरून घ्या. खाली उतरताना अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागतं. हद्द बदलली की डांबर पण बदलतं, कुठं गुळगुळीत तर कुठं नुसती खडी, म्हणून जायच्या आठवड्यात तिकडून गाडी घेऊन आलेल्या कुणालातरी रस्ता कसा आहे हे विचाराच. शनिवार-रविवारी गोव्याला पळणाऱ्या कार इतक्या असतात की आठ वाजल्यानंतर मजा राहत नाही.

आंबोली थोडी लांब पण चढ म्हणून माझं मत आंबोलीला. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी करत जायचं. आंबोली गाव साधारण ६९० मीटरवर, खाली दाणोली कोकणात. एसटीचा पूर्वापार रस्ता, त्यामुळे लय सापडते. निपाणी, संकेश्वरकडच्या लोकांना तर गडहिंग्लज-आजरा मार्गे हाच घाट सोयीचा. पावसाळ्यात मात्र धबधब्यापाशी जी जत्रा भरते तिच्यातून सायकल काढणं म्हणजे शिक्षा, तेव्हा जाऊच नका.

अनमोड घाट खानापूर, लोंढा, रामनगर करून, खाली मोले. चढ लांब आहे, जंगल सुंदर आहे, पण ट्रक. रस्ता राष्ट्रीय महामार्ग आणि आजूबाजूला अभयारण्य, त्यामुळे बाजूला व्हायला जागा कमी. एकट्यानं आणि सायकलला मागं लाल लाइट नसताना इथं जाऊ नये असं स्पष्ट सांगतो. या बाजूला एक आयडिया मात्र आहे. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे कुळेमला रेल्वे जाते, सायकल लगेजमध्ये बुक करून रेल्वेनं खाली उतरा आणि कुळेमहून मोलेमार्गे चढत घरी या, म्हणजे उतरायचा प्रश्नच मिटला. कुठली गाडी कुळेमला थांबते आणि लगेज कुठल्या स्टेशनावर घेतात ते आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात विचारून ठेवा. गाडीत बसल्यावर लक्षात येईल की ब्रॅगांझा घाटात (कॅसलरॉक ते कुळेम) रेल्वेचा चढ १:३७ म्हणजे पावणेतीन टक्के आहे, आणि तेवढ्याला पण जादा इंजिन लावावं लागतं!

तिलारी घाट मी ट्रेनिंगच्या यादीतून काढलाय. वळणं अवघड, चढ खडा, आणि उतरताना ब्रेकची परीक्षा. वंटमुरी आणि निपाणीजवळचा तवंदी हे दोन्ही हायवेवरचे, चढ बरे आहेत पण आखूड, आणि पुणे-बेंगळूरु ट्रॅफिक शेजारून जातं, त्यापेक्षा गावातच दोन फेऱ्या जास्त मारलेल्या बऱ्या.

पहिल्यांदा सायकल नको

घाट ठरला की आधी मोटरसायकलनं किंवा बसच्या खिडकीत बसून एकदा जाऊन या, खालून वर. बघायचं काय तर डाव्या कडेला डांबर कुठपर्यंत शाबूत आहे, साइडपट्टी किती खचलीय, पाणी कुठं मिळतं, मोबाइलची रेंज कुठं जाते (घाटात जातेच) आणि वळणांची आतली बाजू किती खडी आहे. हेअरपिनच्या आतल्या बाजूनं दोन-तीन मीटर गेलं तर चढ एकदम दुप्पट लागतो, तेच बाहेरून मोठं वळण घेतलं तर लय तुटत नाही, पण बाहेरून जायचं म्हणजे समोरच्या गाडीचा अंदाज पाहिजे, वळण आंधळं असेल तर गुपचूप आपल्याच बाजूनं राहून एक गिअर हलका करायचा. कठड्याचे पांढरे दगड कुठं पडलेत तेही बघून ठेवा, तिथं बहुतेक वेळा रस्ता आत खचलेला असतो.

मग प्रत्यक्ष राइड

आपल्याला वरून सुरुवात करायची असल्यानं एक फायदा आहे, किती चढायचं ते आपणच ठरवतो. पहिल्या वेळी पूर्ण घाट उतरू नका. एक तृतीयांश उतरा, सायकल वळवा, चढून वर या. ताशी १२ नं एक किलोमीटरला पाच मिनिटं, म्हणजे वीस मिनिटांच्या सेटला चार किलोमीटर पुरतात. वर येऊन दहा मिनिटं आराम, परत तेवढंच. वीस मिनिटांचे दोन सेट नीट झाले की पुढच्या वेळी खाली अजून थोडं.

पॉवर मीटर (पायांचा जोर वॅटमध्ये दाखवणारं यंत्र) असेल तर हे सेट एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील तेवढ्या वॅटच्या, ८८ ते ९४ टक्क्यांवर करा. एफटीपी माहीत नसेल तर याच चढावर वीस मिनिटं जीव तोडून पण एकसारखं चालवा आणि आलेल्या अ‍ॅव्हरेज वॅटच्या ९५ टक्के घ्या, एकसारखा चढ या टेस्टसाठी सपाट रस्त्यापेक्षा कधीही चांगला कारण सिग्नल नाही, कुत्री कमी आणि पेडल सोडायला जागाच नाही. मीटर नसेल तर बोलून बघा. पूर्ण वाक्य आरामात बोलता येतंय म्हणजे अजून जोर लावा, तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय तर बरोबर चाललंय, नुसतं हूं-हूं निघतंय तर जास्त झालं. पहिल्या पाच मिनिटांत कुणी पुढं गेलं तर जाऊ दे की, तो तिसऱ्या वळणावर भेटतोच.

गिअरवर पैसे खर्च करा, चाकांवर नंतर. पुढं ३४, मागं ३२ किंवा ३४ पर्यंतची कॅसेट (मागच्या कॉगचा संच) असली म्हणजे यातला कुठलाही मुख्य घाट बसून चढता येतो.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवायचे नाहीत, वळणाच्या आधी जोरात दाबून स्पीड कमी करायचा आणि वळणात सोडायचे. रिम ब्रेकवाल्यांनी (ज्यांचे ब्रेक चाकाची कड दाबतात) तर मध्ये थांबून रिम गार होऊ द्यावी, हात लावून बघू नका, चटका बसतो. पहाटे उतरताना विंडचीटर हवाच, घाम सुकून अंग आखडलं की चढाला सुरुवात करतानाच पोटरी धरते.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर या घाटांत दरड, धुकं आणि कडेच्या शेवाळावर चाक घसरणं हे रोजचं. मार्च-एप्रिलमध्ये कोकणच्या बाजूला नऊ वाजताच भट्टी पेटते, आणि आपला चढ नेमका तेव्हाच असतो, त्यामुळे सकाळी सातला माथ्यावर असाल असं निघा. बेळगावातून सायकलनं ते जमत नसेल तर गाडीत सायकल टाकून कणकुंबी किंवा आंबोलीपर्यंत जा, त्यात कमीपणा कसला. दोन बाटल्या भरलेल्या, खिशात चिक्की किंवा केळी, एक जादा ट्यूब. संध्याकाळी घाटात थांबू नका, चोर्ला आणि आंबोली दोन्हीकडे गवे रस्त्यावर येतात. दिसला तर लांबच थांबायचं, बेल वाजवायची नाही, फोटोला पुढं जायचं नाही, तो आपला आपण जातो. काही झालंच तर ११२, पण रेंज असेल तिथं येऊन.