आजोबांची पलटण सापडली ती एका स्पेलिंगमुळे

आजोबा दुसऱ्या महायुद्धात ‘इटलीला होते’, एवढंच घरात ठाऊक. आधी मी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत त्यांचं नाव शोधत बसलो. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर लक्षात आलं, ती यादी युद्धात मेलेल्यांची. आजोबा तर परत येऊन शेती करत होते!

मग आजीची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी सहा टोकांचा काळवंडलेला तारा, त्याच्या फितीवर लाल-पांढरे-हिरवे पट्टे. म्हणजे इटली स्टार, तिथल्या मोहिमेत लढलेल्यांना मिळालेलं पदक. मागे बारीक अक्षरात नंबर, नाव आणि ‘१/५’. मला तो अपूर्णांक वाटला. गावातल्या एका निवृत्त सुभेदारकाकांनी हसून सांगितलं, “अरे, पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन.” म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री.

तरी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारी अभिलेखागाराच्या, सूचीत काहीच मिळेना. गोम स्पेलिंगमध्ये होती. त्या काळी इंग्रज ‘मराठा’ लिहिताना र-च्या आधी एच घालत आणि पुढे दोन टी. तसं टाकलं आणि बटालियनच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धकाळातल्या रोजच्या नोंदी, समोर आल्या.

डायरीत शिपायांची नावं क्वचितच असतात, मुक्काम नि चकमकी मात्र तारखेनिशी. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी: याच बटालियनच्या नामदेव जाधवांना तिथल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. आजोबा त्या दिवशी कुठे होते, हे आता त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डवरून कळेल. नंबर घालून बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला अर्ज धाडलाय.