चिऱ्याच्या भिंतीला स्कर्टिंग लावताना

कोकणात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाची, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी फरशीलगत लावायची पट्टी) लावू नका. चिरा ओल धरतो; पावसाळ्यात पट्टी खालून फुगते आणि तिच्यावरचा रंग पापडासारखा सुटतो. सगळ्यात बिनघोर म्हणजे 100 मिमी उंचीची टाइलची स्कर्टिंग. लाकडीच हवी असेल तर सागवान घ्या, पण लावण्याआधी मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांना प्रायमरचे दोन हात द्या. पाणी सर्वांत जास्त टोकांतूनच शिरतं, आणि सुतार नेमकी तीच कोरी सोडतात! फरशीपासून 3 मिमी फट ठेवा, म्हणजे लादी पुसल्यावर पट्टीची कड ओल्यात राहत नाही.

लोखंडी खिळे खाऱ्या हवेत गंजतात आणि सागावर काळे डाग पाडतात. पितळी किंवा 316 ग्रेडचे (खाऱ्या हवेत सहसा न गंजणारे) स्टेनलेस स्क्रू वापरा.

आतल्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या 45 अंशांत कापल्या, तर उन्हाळ्यात लाकूड आकसून सांधा उघडतो. त्याऐवजी एक पट्टी सरळ भिंतीला भिडवा आणि दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीबरहुकूम कोरून तिच्यावर बसवा. बाहेरच्या कोपऱ्याला मात्र 45 अंशच.

पीओपीची कॉर्निस (भिंत आणि छताच्या सांध्यावरची नक्षीपट्टी) गळक्या कौलांखाली नकोच. कामाला हात दिवाळीनंतर, भिंत सुकल्यावर घाला.