आधी विचारा, विषाणू कोणता

माझ्या आजीला नागीण झाली तेव्हा मी बारावीत होते. बरगडीखाली एका बाजूला फोडांचा पट्टा उठला होता. शेजारच्या बायका रोज येऊन बघून जात, कारण वेढा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही अशी सगळ्यांची खात्री. वेढा पूर्ण झाला नाही. का झाला नाही, हे मला पुण्यात विषाणुशास्त्रात एम.एस्सी. करताना कळलं. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू कण्याजवळच्या चेतागाठींमध्ये कित्येक दशकं दडून राहतो. वयाबरोबर टी पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशींचा, पहारा सैल पडला की तो एखाद्या चेतातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. त्या तंतूचा प्रदेश शरीराच्या मध्यरेषेशी संपतो, म्हणून फोडही सहसा तिथेच थांबतात. हे वाचलं त्या रात्री ठरवलं, काम करायचं तर याच कुळातल्या विषाणूंवर.

हे कूळ हर्पिसविषाणूंचं. माणसात नांदणारे असे विषाणू नऊ आहेत. पीएचडीसाठी मी ब्रिटनमध्ये गेले आणि त्यातला सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, निवडला. धडधाकट माणसाला तो सहसा कळतही नाही. पण गर्भात पोचला तर बाळाची श्रवणशक्ती जाऊ शकते, आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. त्याच्यावर परवाना मिळालेली लस अजून नाही.

त्याचा जीनोम सुमारे 2,35,000 बेस जोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तेवढ्या पायऱ्यांचा), माणसाच्या हर्पिसविषाणूंमध्ये सर्वांत मोठा. त्यातली कितीतरी जनुकं आपल्या रोगप्रतिकारशक्तीला चकवण्यासाठीच आहेत. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी-1 या रेणूवर ठेवून बाहेर दाखवते आणि टी पेशी ते तपासतात. सीएमव्हीची यूएस2 आणि यूएस11 ही प्रथिनं तो रेणूच आतल्या आत ओढून पेशीच्या मोडीत काढण्याच्या यंत्रणेकडे पाठवतात. यूएस6 हे प्रथिन त्या तुकड्यांना एमएचसी-1पर्यंत पोचवणारं टॅप नावाचं दार बंद करतं. पण पृष्ठभागावर एमएचसी-1 दिसेनासा झाला की एनके (नॅचरल किलर) पेशींना, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पेशींना, संशय येतो आणि त्या हल्ला करतात. मग विषाणू यूएल40 या प्रथिनातून नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा पुरवतो, अगदी आपल्याच एमएचसी-1मधून निघणाऱ्या तुकड्यासारखा. त्याने एचएलए-ई हा रेणू पृष्ठभागावर टिकतो आणि एनके पेशी शांत राहतात. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की या तुकड्याला टॅपच्या दारातून यावंच लागत नाही. दार विषाणूनेच बंद केलंय, आणि स्वतःसाठी दुसरी वाट ठेवलीय! म्हणून या विषयात संशोधन करायचं असेल तर पहिल्या वर्षी इम्युनोलॉजीचं (रोगप्रतिकारशास्त्राचं) पाठ्यपुस्तक नीट, पहिल्या पानापासून वाचा. नुसतं विषाणुशास्त्र इथे पुरत नाही.

आता माझी चूक सांगते. माझ्या हातात रुग्णाच्या नमुन्यातून मिळवलेला एक स्ट्रेन, म्हणजे विषाणूचा एक वाण, होता. मी तो महिनोन्‌महिने फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींवर वाढवला, कारण तिथे पीक चांगलं येतं. मग तोच साठा एपिथेलियल (अवयवांचं अस्तर बनवणाऱ्या) पेशींवर घातला तर संसर्ग जवळजवळ शून्य. मला वाटलं, या पेशींचं इंटरफेरॉन हे विषाणूरोधक प्रथिन त्याला अडवतंय. सात महिने त्याच कल्पनेमागे गेले. शेवटी गाइडनी विचारलं, ‘‘सीक्वेन्सिंग केलंस का?’’ डीएनएची अक्षरं वाचून पाहिली, तर यूएल128 या जनुकात बदल झालेला. एपिथेलियल पेशींत शिरायला लागणारं प्रथिनसंकुल त्याशिवाय बनतच नाही. अडथळा पेशीचा नव्हता, माझा विषाणूच बदलला होता.

हे कुणालाही होऊ शकतं. फायब्रोब्लास्टवर वाढवताना आरएल13 आणि यूएल128च्या भागातली जनुकं तुटणं ठरलेलंच असतं, ती असताना विषाणू तिथे नीट वाढत नाही. एडी169 हा 1950च्या दशकात एका मुलीच्या अ‍ॅडिनॉइडमधून मिळवलेला प्रसिद्ध स्ट्रेन. पॅसेज होत होत, म्हणजे एका डिशमधल्या पेशींवरून दुसऱ्या डिशमधल्या पेशींवर वाढवत नेताना, त्याने सुमारे 15,000 बेस जोड्यांचा तुकडा गमावला आणि त्यात एनके पेशींना चकवणारी जनुकंही गेली. असा विषाणू वापरून प्रतिकारशक्तीबद्दल निष्कर्ष काढायचे म्हणजे आधीच अर्धं नि:शस्त्र केलेल्या शत्रूशी लढाई. मर्लिन या स्ट्रेनची जीवाणूंमध्ये क्लोन करून ठेवलेली आवृत्ती मिळते. तिच्यात याच दोन भागांतली नाजूक जनुकं वाढवताना बंद ठेवता येतात. शक्य असेल तर तिथून सुरुवात करा. आणि प्रत्येक ट्यूबवर स्ट्रेन, पॅसेज क्रमांक, तारीख हे तिन्ही लिहा.

धीर मात्र लागेल. हर्पिस सिम्प्लेक्सचं एक चक्र दिवसभरात उरकतं, सीएमव्हीला तीन दिवस लागतात आणि प्लाक (विषाणूने पेशींच्या थरात पाडलेले ठिपके) मोजायला दोन आठवडे. मध्ये पेशींच्या डिशमध्ये मायकोप्लाझ्मा हा जीवाणू शिरला तर सगळं पुन्हा, म्हणून ती तपासणी दर महिन्याला. माणसाचा सीएमव्ही उंदरात वाढत नाही, त्यामुळे उंदरांसाठी त्यांचा स्वतःचा सीएमव्ही वापरतात. तिथेही जात पाहून निवडा. सी57 काळ्या उंदरांच्या एनके पेशी त्याचं एम157 प्रथिन थेट ओळखतात, पांढऱ्या बाल्ब-सीच्या नाही.

फेलोशिपसाठी भारतात सीएसआयआर-यूजीसी नेट आणि आयसीएमआरची परीक्षा आहे, तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून करा. परदेशी प्रयोगशाळेला मेल लिहिताना ‘मला विषाणूंची आवड आहे’ एवढं लिहून थांबू नका. त्यांचा एक शोधनिबंध वाचा आणि विचारा, यात कोणता स्ट्रेन वापरला, कितव्या पॅसेजचा, आणि प्रयोगानंतर त्याचं सीक्वेन्सिंग पुन्हा केलं होतं का.